अंड्यांखालचं पाणी

मी एक म्हातारी बेडकी आहे. झाडावर राहणारी, हिरव्या पाठीची, लाल डोळ्यांची. मित्रांनो, अशा गोष्टीत ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. तुमच्यापैकी एकाशीही माझी मैत्री नाही. सात वर्षं मी काचेच्या पेटीत काढली. या सात वर्षांत जो कुणी माझ्यासमोर आला त्याने आधी काचेवर टकटक केली, मग नाक काचेला चिकटवलं आणि म्हणाला, “अय्या, किती गोड!” गोड! मी काय चघळायची गोळी आहे?

माझे रंग तुमच्यासाठी नाहीत, हे आधी डोक्यात घ्या. दिवसा मी पानाला चिकटून झोपते. केशरी पाय पोटाखाली घेते, बगलेतले निळे-पिवळे पट्टे झाकून टाकते, डोळे मिटते. मग मी नुसती हिरवी. पानावर पान. कुणी येऊन ढोसलंच तर दोन्ही डोळे एकदम उघडते. समोरचा दचकतो आणि तेवढ्यात मी उडी मारते. हे लाल डोळे म्हणजे माझी शिवी आहे, आणि तुम्ही त्या शिवीचे फोटो काढत बसता.

आणखी एक सांगते. माझ्या खालच्या पापणीवर सोनेरी जाळी असते. डोळे मिटले तरी त्या जाळीतून मला दिसत राहतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही, सगळं माझ्या समोर घडलेलं आहे. उगाच शंका काढू नका.

माझा जन्म जंगलातला. डबक्यावर झुकलेल्या एका पानाला आम्ही चाळीसेक भावंडं अंड्यांभोवतीच्या बुळबुळीत चिकातून लटकत होतो. सात दिवस अंड्यात राहायचं, मग फुटून खाली पाण्यात पडायचं, असा आमचा नेम. पण पाचव्या दिवशी पान हललं. पाऊस पडला की पान हलतंच. पावसाचं हलणं म्हणजे टपटप, टपटप, एकसारखं, त्याला कुणी घाबरत नाही. हे तसं नव्हतं. हे होतं लांब ओढ, मग थांबणं. पुन्हा लांब ओढ, पुन्हा थांबणं. साप आमचा चीक तोंडाने ओढत होता. एका घासाला तीन-चार भावंडं. अंड्यातल्या पोराला काय समजतं असं तुम्हाला वाटेल, पण आम्हाला समजलं. दोन दिवस आधीच आम्ही अंडी फोडली आणि पटापट खाली उड्या घेतल्या. निम्मे वाचलो.

पाण्यातही आमचं कुणी स्वागत केलं नाही. तिथे पाणकिडे होते, मासे होते. कसेबसे पाय फुटले, शेपटी आटली, झाडावर चढले. पुढे एका रात्री डोळ्यांवर टॉर्चचा झोत आला आणि एक हात. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, मग दुकान, मग दुसरं दुकान, आणि शेवटी पंपवाल्याचं घर.

पंपवाला म्हणजे पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस. खिशात वॉशर, हातात पान्हा, नखांत ग्रीस. बायकामुलं नाहीत. तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच राहतात. ताई कपडे शिवते. गल्लीतल्या निम्म्या घरांचे पडदे आणि शाळेचे गणवेश तिच्या हातचे. मागची खोली तिची होती, कारण मोठी खिडकी तिथेच. भावाने एकेक करून सहा काचेच्या पेट्या आणून त्या खोलीत मांडल्या आणि बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने काय केलं माहीत आहे? कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि खोलीच्या मधोमध जमिनीवर रेघ ओढली.

“ही रेघ बघून ठेव,” ती म्हणाली. “तुझी बेडकं पलीकडे, माझं काम अलीकडे. एक जरी बेडूक इकडे आलं तर इस्त्री फिरवीन.”

“ताई, अगं ती काय चालत येणार आहेत का?”

“तू आणलीस तशीच येतील.”

मला दोघंही आवडत नव्हती. पण इस्त्रीचं ऐकल्यावर ताई जास्त आवडेनाशी झाली.

आता तुम्हाला लग्नाचं ऐकायचं असेल. ऐका. पंपवाल्याने आमच्या पेटीत नळ्या फिरवून खोटा पाऊस बसवला होता. रोज संध्याकाळी पंप सुरू व्हायचा आणि वरून पाणी पडायचं. पाऊस आला की आमचे नर वेडे होतात. पेटीत तीन नर होते. त्यातल्या एकाचा आवाज एवढा मोठा की ताईने त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. तिघंही पानांवर बसून चॅक, चॅक करत राहायचे, आणि एकाची जागा दुसऱ्याला आवडली की फांदी धरून गदागदा हलवायचे. हीच त्यांची मारामारी. जो जास्त जोरात हलवेल तो शूर. काय पण शूर! सगळे माझ्या निम्म्याने.

मी भोंग्याला निवडला, कारण दुसऱ्या दोघांपेक्षा बरा होता, इतकंच. एकदा का नर पाठीवर बसला की उतरत नाही. त्याला घेऊन मीच चढायचं, मीच उतरायचं, मीच उड्या मारायच्या. हा वर आरामात. त्यात दुसरा एक आगाऊ येऊन त्याच्याही पाठीवर बसायला बघतो. माझी हाडं खिळखिळी झाली तरी कुणाला पर्वा नाही. दोघांना घेऊन मी आधी खाली पाण्यात जाऊन बसते. कातडीतून पाणी पिते, अंगात साठवते. मग वर चढून पान शोधते. कुठलंही पान चालत नाही. रुंद हवं, ओलं राहणारं हवं आणि बरोबर पाण्याच्या वर झुकलेलं हवं. दोन पानं बघून सोडली, तिसरं घेतलं. चाळीसेक अंडी घातली, साठवलेलं पाणी त्यांच्यावर सोडलं की चीक फुगतो आणि अंडी ओली राहतात. पुन्हा खाली, पुन्हा पाणी, पुन्हा वर. पहाट होईपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला.

आणि सकाळी पंपवाल्याने काय करावं? त्याने ते पान कापलं.

“पंपात पिल्लं ओढली जातील ना,” तो ताईला समजावत होता. “म्हणून पान बाहेर काढून डब्यावर टांगायचं. तुझ्या मशीनच्या वरचं फळकूट दे फक्त. तिथे दिव्याची ऊब आहे.”

“आधी हे सांग, कापलंस कशाने?”

पंपवाल्याने हात पाठीमागे लपवला.

“माझी कापडाची कात्री! अरे, त्या कात्रीने मी कागदसुद्धा कापत नाही! आणि हे बघ, माझ्या मशीनवर उघड्या पाण्याचं भांडं मी ठेवू देणार नाही. डास होतात, आणि एक थेंब कापडावर सांडला तर डाग कोण काढणार? तू?”

“पाणी नाही ठेवत गं. पुस्तकात लिहिलंय, सहा-सात दिवस लागतात. खाली ओला कागद घालतो. सहाव्या दिवशी सकाळी पाणी ओतीन, मग तर झालं?”

त्याने कॅलेंडरवर सहाव्या दिवसाला पेन्सिलने गोल केला. ताईने फळकूट दिलं. दोघांचं भांडण मिटलं आणि माझ्या अंड्यांखालचं पाणी गेलं.

पाचव्या दिवशी ताईकडे गणवेशांची घाई होती. मशीनला मोटर होती. ती पायाने दाबायची, मशीन घर्रर्र करत लांब टीप मारायची, मग ती थांबून कापड वळवायची. पुन्हा घर्रर्र, पुन्हा थांबणं. मशीनचं टेबल भिंतीला टेकलेलं, फळकूट त्याच भिंतीला ठोकलेलं. पान थरथरायला लागलं. माझ्या पेटीपर्यंत ती थरथर आली आणि माझ्या पायांना ती ओळखीची वाटली. लांब ओढ, थांबणं. लांब ओढ, थांबणं. मी जाळीतून बघत होते. एक अंडं फुटलं. मग चार. मग सगळीच. सापाला घाबरून माझ्या पोरांनी खाली उड्या मारल्या, आणि खाली कागद होता. दिव्याच्या उबेने अर्धा वाळलेला कागद.

मी काय करणार होते? काचेवर उड्या मारल्या. ताईने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, “ही भवानी दिवसाढवळ्या काय नाचतेय?” आणि पुन्हा मशीन दाबली.

संध्याकाळी पंपवाल्याने डबा उघडला तेव्हा कागदावर काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी पडलेलं होतं. त्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाला, “कच्चीच बाहेर आली. राणीची अंडी कच्ची निघतात.”

राणी म्हणजे मी. नाव त्याने ठेवलं, मला विचारलं नव्हतं.

महिन्याने पुन्हा खोटा पाऊस, पुन्हा भोंगा, पुन्हा मी पान निवडलं आणि पुन्हा त्याने ते कापलं. या वेळी चौथा दिवस संपता संपता ताईने कुणाचा तरी जाड कोट शिवला. पुन्हा तेच. आता तर तो पाहुण्यांनाही सांगायला लागला. “दिसायला एक नंबर आहे हो, पण अंडी कच्ची. वय झालं तिचं.” पाहुणे मान हलवून माझ्याकडे कीव करत बघायचे. ज्याने पोरांखालचं पाणी काढून घेतलं तो तोंड वर करून माझी अंडी कच्ची म्हणतो! त्या दिवसांत कुणी काचेला हात लावला की मी डोळे उघडायचे आणि मिटायचेच नाही.

तिसऱ्या वेळी मला कळत होतं की पोटात आता एवढीच आहेत. यानंतर माझ्याकडून काही होणार नव्हतं. एकेचाळीस अंडी. पान कापलं गेलं, फळकुटावर गेलं, कॅलेंडरवर गोल झाला. तिसऱ्या दिवशी पंपवाल्याला एका गिरणीचा पंप दुरुस्त करायला परगावी जावं लागलं.

“ताई, सकाळ-संध्याकाळ अंड्यांवर पाण्याचा फवारा मार फक्त. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत मी येतोच. तोपर्यंत डब्याला हात लावू नकोस.”

“मी काय तुझ्या बेडकांची दाई आहे?” ती म्हणाली. पण इस्त्रीच्या बाटलीने तिने फवारा मारला. कापडावर मारते तसा, नीट, सगळीकडे सारखा.

पाचव्या दिवशी सकाळी ती पडद्यांची जाड किनार घेऊन बसली. घर्रर्र, थांबली. घर्रर्र, थांबली. मी काचेवर धडका मारायला लागले. या वेळी ती चिडून उठली, मला ओरडायला म्हणून वळली, आणि वळताना तिची नजर डब्यावर गेली. कागदावर सहा पिल्लं वळवळत होती.

“अगं बाई!” तिने चमच्याने ती उचलून पेल्यातल्या पाण्यात टाकली. ती पोहायला लागली. ताई बघतच राहिली. मग तिने उभ्यानेच, पानावरची नजर न काढता, पाय लांब करून मशीन जराशी दाबली. पानावरची अंडी शहारली. तिने पटकन पाय उचलला.

फोन लावला. फोनचा आवाज मोठा करायची तिला सवय, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

“अरे, तुझी पिल्लं माझ्या मशीनमुळे पडतात!”

“ताई, काहीतरीच काय? सहाव्या दिवसाआधी बाहेर येत नाहीत. पुस्तकात आहे.”

“तुझं पुस्तक घाल चुलीत! माझ्या डोळ्यांसमोर पडली. पेल्यात पोहतायत.”

“बरं, मग आज मशीन चालवू नकोस. उद्या मी येतो. आणि डब्याला हात लावू नकोस, तू घोळ घालशील.”

“मी घोळ घालीन?” तिने फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फोनलाच शिव्या देत बसली. मग पडदे उचलून पुढच्या खोलीत गेली आणि हाताने टीप घालायला लागली. पडदे संध्याकाळी द्यायचे होते. एवढी जाड किनार हाताने घालायची म्हणजे बोटांची चाळण. तिने घातली. मला तिची दया आली नाही.

पण पंपवाल्याचा आणखी एक शहाणपणा शिल्लक होता. आम्हाला खायला तो रातकिडे पाळायचा, आणि रातकिड्यांच्या डब्यात केळ्याच्या फोडी टाकायचा. तो डबाही त्याने जाताना त्याच फळकुटावर ठेवला होता. दुपारी खिडकीच्या फटीतून लाल मुंग्या आल्या. केळ्यापर्यंत गेल्या, आणि तिथून माझ्या पानावर. मी बघत होते. एक रांग, मग दोन. पहिल्या अंड्याचा चीक त्यांनी कुरतडला तेव्हा मला सापच बरा वाटला. साप निदान पान हलवतो. मुंग्या एवढ्या हलक्या पायांनी खात होत्या की शेजारच्या अंड्यालाही पत्ता लागत नव्हता. चार गेली. पाच गेली.

मी आयुष्यात कधी माणसाला हाक मारली नव्हती. आमच्यात मादी ओरडत नाही, ओरडायचं काम नरांचं. त्या दुपारी मी काचेवर इतक्या धडका मारल्या की नाक फुटलं.

ताई दोऱ्याची रीळ घ्यायला आत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “आता काय झालं गं तुला?” आणि मग तिला रांग दिसली.

तिने आधी फुंकर मारली. मुंग्या चिकाला आणखी चिकटल्या. टाचणीने काढायला गेली तर अंडंच फाटायला आलं. ती दोन पावलं मागे सरली आणि कपाळावर हात मारून उभी राहिली. मला वाटलं संपलं.

मग ती वाकली, पंपवाल्याने पेट्यांसाठी भरून ठेवलेली बादली उचलली आणि तिच्यातलं पाणी पानाखालच्या डब्यात ओतलं. निम्मं टेबलावर सांडलं, मशीनवर सांडलं, खाली राहिलेल्या एका पडद्यावर सांडलं. तिने पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसली, सुईतला दोरा काढून टाकला आणि मशीन रिकामीच दाबली. कापडाशिवाय मशीन चालवली की कापड सरकवणारे दाते झिजतात, हे तीच रोज शिकायला येणाऱ्या बायकांना ओरडून सांगायची.

घर्रर्रर्र. एकसारखं, न थांबता. पान थरथरलं, पण अंडी ढिम्म. त्यांना तो पाऊस वाटला. मुंग्यांनी सातवं अंडं घेतलं.

“पडा ना मेल्यांनो!” ताई ओरडली. “सकाळी पडत होतात, आता काय झालं?” आणि पाय तसाच दाबून ठेवला.

थांब, मी मनात म्हणत होते. अगं बये, मधे थांब. कापड वळव.

तिने ओठ आवळले. एकदम पाय उचलला. रिकाम्या हातांनी, समोर काहीच नसताना, तिने पडद्याची किनार वळवल्यासारखे हात फिरवले. आणि पुन्हा दाबलं. घर्रर्र, थांबली. हात वळवले. घर्रर्र, थांबली. सकाळी जशी शिवत होती अगदी तशी. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा एक पिल्लू टपकन पाण्यात पडलं. मग पावसाच्या थेंबांसारखी पडायला लागली. मुंग्यांच्या तोंडातून निसटून पडली. ती मोजत होती, मीही मोजत होते. सत्तावीस. पेल्यातली सहा धरून तेहेतीस. आठ मुंग्यांनी नेली.

शेवटी पानावर नुसता चीक उरला तेव्हा ताईने पाय काढला. ती उठली, खडूची रेघ ओलांडून पहिल्यांदाच माझ्या पेटीजवळ आली. काचेवर टकटक केली नाही. नुसती बघत उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुझी अंडी चांगली होती गं. आधीचीसुद्धा.”

मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच राग आला. मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पंपवाला आला. डबा बघून हरखला. “तेहेतीस! ताई, कमाल केलीस!”

“कमाल कसली? आधीच्या दोन वेळची मी मारली.”

“अगं, तुला कुठे माहीत होतं?”

“मला नव्हतं. तुला? खाली पाणी का नव्हतं ते सांग.”

“तूच नको म्हणालीस ना!”

“मी कापडाची काळजी केली. मी बेडकं पाळत नाही. तू पाळतोस.”

त्याने पान्हा घेतला, मशीनचं टेबल भिंतीपासून सोडवलं आणि एकट्याने ओढत पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. पाहुणे आले की मात्र अजूनही सांगतो, “राणीची अंडी शेवटी पिकली बघा.” शेवटी पिकली म्हणे! ताई तेवढ्यात बाहेरून ओरडते, “खोटं बोलू नकोस!” आणि पाहुण्यांना काही समजत नाही.

दोन-अडीच महिन्यांत पिल्लांना पाय फुटले. एके दिवशी पंपवाल्याने त्यातलं एक बोटावर घेतलं आणि माझ्या काचेला टेकवलं. नखाएवढं, डोळे अजून पिवळेच. “बघ राणी, ओळखलंस का? तुझं बाळ!”

मला काहीतरी छोटं हलताना दिसलं. मी जीभ मारली. काच मधे होती म्हणून ते वाचलं.

पंपवाला दचकला. “काय ही आई!” म्हणाला. तुम्हीही तेच म्हणत असाल. म्हणा. मित्रांनो, आम्ही पोरांना भरवत नाही, त्यांच्यामागे फिरत नाही, त्यांना ओळखतही नाही. माझ्या आईने मला कधी बघितलं नाही आणि मी तिच्यावर रागावले नाही. तिने पाण्यावर झुकलेलं पान शोधलं होतं, म्हणून साप आला तेव्हा मी पाण्यात पडले. आमच्यात आई एकदाच काळजी घेते, पान निवडताना. दोन पानं बघून मी जे तिसरं घेतलं होतं, तीच माझी माया, आणि ती मी तिन्ही वेळा पूर्ण केली होती. तेव्हा मला राणी म्हणू नका, माझे फोटो काढू नका, माझ्या पोरांना माझ्याकडे आणून दाखवू नका. आम्ही जिथे अंडी घालतो तिथून ती हलवू नका. कात्री खाली ठेवा आणि बाजूला व्हा.